दीडशे वर्षं कामावर: पोर्ट्समथच्या कप्पी-कारखान्यातली यंत्रं

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्ट्समथची नौदल गोदी आहे. तिथे १८०३ पासून पुढच्या काही वर्षांत जहाजाच्या कप्प्या बनवायची यंत्रं बसवली गेली. त्यातली काही यंत्रं १९६० च्या दशकापर्यंत कामावर होती. नेपोलियनशी चाललेल्या लढाईच्या गरजेपोटी घडवलेली ही यंत्रं, दुसरं महायुद्ध संपून पंधराएक वर्षं उलटल्यावरही त्याच गोदीत त्याच कामाला जुंपलेली होती.

असं काही ऐकलं की आपल्याकडे लगेच ‘जुनं ते सोनं’ म्हणतात आणि विषय तिथेच मिटतो. मला तिथे थांबावंसं वाटत नाही. १८०३ च्या आसपास इंग्लंडात बनलेली बहुतेक यंत्रं केव्हाच भंगारात गेली. तीही तितकीच जुनी होती, पण सोनं ठरली नाहीत. मग हीच का टिकली? त्यात घडवणाऱ्याचा हात किती आणि परिस्थितीचा किती? या प्रकरणात ते वेगवेगळं करून पाहता येतं, कारण यंत्रांची वर्णनं, नमुने आणि काही मूळ यंत्रं आजही शाबूत आहेत.

वर्षाला लाखभर कप्प्या

विहिरीवरची कप्पी आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. जहाजावरच्या कप्पीचं तत्त्व तेच, फक्त तिला लाकडाचं कवच असतं. एल्मच्या लाकडाचा लांबट गोल ठोकळा, त्यात आरपार खाच, खाचेत फिरणारं चाक, चाकाच्या मधोमध लोखंडी आस, आणि बाहेरून दोराचा वेढा घट्ट बसावा म्हणून कवचावर कोरलेली उथळ पन्हळ. चाक लिग्नम व्हिटी नावाच्या लाकडाचं. हे लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं, आणि अंगचंच इतकं तेलकट की घासलं जात असताना स्वतःचं वंगण स्वतःच पुरवतं.

शिडाच्या जहाजावर कप्पीशिवाय पान हलत नसे. शीड चढवायचं, उतरवायचं, परबाण (शीड बांधायची आडवी काठी) वाऱ्यासमोर फिरवायचं, तोफ मागेपुढे ओढायची, होडी पाण्यात सोडायची, सगळीकडे दोर आणि कप्पी. मोठ्या लढाऊ जहाजाला हजाराच्या आसपास कप्प्या लागत, आणि १८०० च्या सुमारास ब्रिटिश नौदलाची गरज वर्षाला एक लाखावर गेली होती. शिवाय कप्पी कशीबशी केलेली चालत नाही. आसेचं भोक जरा तिरकं गेलं की चाक कवचाला घासतं, दोर अडखळतो, आणि वादळात शीड वेळेवर उतरलं नाही तर डोलकाठीच मोडते.

साउदॅम्प्टनचं टेलर घराणं नौदलाला बरीच वर्षं कप्प्या पुरवत होतं. त्यांचं काम वाईट नव्हतं, हे मुद्दाम सांगायला हवं. त्यांच्याकडे गोल करवती होत्या, आणखीही काही यंत्रं होती आणि त्यांच्या मालाला नाव होतं. तरी बरंचसं काम कारागिराच्या पटाशीवर आणि नजरेवर चालायचं. मार्क ब्रुनेल आपली कल्पना घेऊन त्यांच्याकडे गेला तेव्हा सॅम्युएल टेलरनं ती नाकारली. आमच्या रीतीहून चांगली रीत निघेल अशी आशा नाही, असा त्याच्या उत्तराचा सूर होता. धंदा चांगला चाललेला असताना माणूस असंच बोलतो, त्याला त्यात फार दोष देता येत नाही.

तिघेजण

ब्रुनेल मूळचा फ्रान्सच्या नॉर्मंडीतला, जन्म १७६९ चा. राज्यक्रांतीच्या धामधुमीत तो अमेरिकेला निघून गेला, न्यू यॉर्क शहराचा मुख्य अभियंता झाला आणि १७९९ मध्ये इंग्लंडला आला. १८०१ मध्ये त्यानं कप्प्यांच्या यंत्रांचं पेटंट घेतलं. नौदलाच्या बाजूनं सॅम्युएल बेंथम होता. नौदलाच्या बांधकामांचा हा महानिरीक्षक, तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमचा धाकटा भाऊ. पोर्ट्समथ गोदीत वाफेचं इंजिन त्यानंच आणलं होतं. कप्प्यांसाठी यंत्रं करण्याचा विचार त्याच्याही डोक्यात होता. पण ब्रुनेलची योजना पाहिल्यावर ती आपल्यापेक्षा सरस आहे हे त्यानं मान्य केलं आणि वरिष्ठांकडे तिचीच शिफारस केली. १८०२ मध्ये मंजुरी मिळाली. सरकारी खात्यातल्या अधिकाऱ्यानं आपला आराखडा बाजूला ठेवून दुसऱ्याचा पुढे करणं, हे या प्रकरणातलं मला फार मोठं वाटणारं काम आहे.

तिसरा हेन्री मॉडस्ले. टिकाऊपणाचा प्रश्न आला की खरा माणूस हाच. वुलिचच्या शस्त्रागारात तो पोरवयात कामाला लागला. पुढे कुलपांसाठी प्रसिद्ध असलेल्या जोसेफ ब्रामाच्या कारखान्यात मुकादम झाला. पगारवाढ मागितली ती मिळाली नाही, म्हणून १७९७ मध्ये बाहेर पडून लंडनमध्ये त्यानं स्वतःचं दुकान थाटलं. कप्प्यांची यंत्रं ब्रुनेलनं कागदावर आणली, ती धातूत उतरवली मॉडस्लेनं. आधी त्यानं छोटे चालते नमुने करून दिले, अधिकाऱ्यांची खात्री पटवायला त्यांचा उपयोग झाला, आणि मग पूर्ण आकाराची यंत्रं.

हे काम चालू असताना ब्रुनेल कुटुंब पोर्ट्समथलाच राहत होतं. तिथेच १८०६ मध्ये त्यांना मुलगा झाला, तोच पुढे रेल्वे, पूल आणि जहाजांसाठी गाजलेला इझम्बार्ड ब्रुनेल. आणि ट्रफाल्गरच्या लढाईसाठी ‘व्हिक्टरी’ जहाजावर चढण्याआधी, १४ सप्टेंबर १८०५ च्या सकाळी, ब्रिटिश नौसेनापती नेल्सन हा कारखाना पाहून गेला होता.

ओंडक्यापासून कप्पीपर्यंत

एकूण ४५ यंत्रं होती, २२ प्रकारची. मध्यम आकाराच्या कप्प्यांचा संच जानेवारी १८०३ मध्ये बसला, लहान कप्प्यांचा त्याच वर्षी मे महिन्यात, मोठ्यांचा मार्च १८०५ मध्ये. छताखालून फिरणाऱ्या शाफ्टवरून पट्टे खाली यायचे आणि ३० अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन सगळ्यांना फिरवायचं.

एल्मचा ओंडका करवतींखाली तुकडे होऊन यायचा. पहिलं महत्त्वाचं यंत्र भोकं पाडण्याचं. त्यावर ठोकळा शिकंजात आवळला की एक गिरमिट आसेचं भोक पाडायचं आणि दुसरं, त्याच्याशी काटकोनात, खाचेची सुरुवात करून देणारं भोक. पण इथे आणखी एक गोष्ट व्हायची, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. शिकंजा आवळताना त्याची टोकं लाकडात रुतून ठोकळ्यावर ठरावीक जागी खुणा उमटायच्या. पुढच्या यंत्रांवर ठोकळा बसवायचा तो याच खुणांवर. म्हणजे प्रत्येक टप्प्यावर नव्यानं मोजमाप नाही, रेघ मारणं नाही, अंदाज नाही. पहिल्या यंत्रानं ठरवलेली जागा शेवटपर्यंत कायम. आज जिग-फिक्श्चरवर, म्हणजे काम नेमक्या जागी धरून ठेवणाऱ्या साधनांवर, काम करणारा कुठलाही फिटर याला डेटम म्हणेल: बाकी सगळी मापं जिच्यावरून धरायची ती पायाची जागा. १८०३ मध्ये त्या साध्या खुणांवर अख्खा कारखाना उभा होता.

पुढे खाच कोरण्याचं यंत्र. सुतार पटाशीवर हातोडा मारून खाच कोरतो, तीच क्रिया इथे उभ्या दांड्याला लावलेली पटाशी करायची, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा वरखाली होत. प्रत्येक ठोक्यानंतर ठोकळा आपोआप किंचित पुढे सरकायचा. खाच ठरलेल्या लांबीची झाली की सरकणं आपोआप थांबायचं. कामगाराचं काम ठोकळा बसवणं आणि काढणं, एवढंच. त्यानंतर कोपरे कापणारी करवत, आणि मग आकार देणारं मोठं यंत्र. त्यात दोन चाकांच्या कडांमध्ये एका वेळी दहा ठोकळे घट्ट बसवलेले असत. चाकं फिरायची आणि पातं वक्र साच्याच्या आधारानं त्यांच्यावरून सरकत जायचं. एक बाजू झाली की सगळे ठोकळे काटकोनात वळवून पुढची बाजू. शेवटी दोरासाठी पन्हळ.

चाकांची वेगळी रांग होती. लिग्नम व्हिटीच्या चकत्या कापणं, त्या गोल करणं, मधोमध काशाचं बुश, म्हणजे आस ज्यात फिरते ती नळी, बसेल अशी जागा कोरणं, बुश बसवून रिबिट मारणं, भोक साफ करणं, लेथवर कडेला दोराची खोबण काढणं. आस लोखंडाची, तीही तिथेच घासून गुळगुळीत व्हायची.

१८०७ च्या शरदापर्यंत नौदलाची सगळी गरज हा कारखाना भागवू लागला. १८०८ मध्ये १,३०,००० कप्प्या निघाल्या. पूर्वी ११० कुशल कारागीर जे काम करत ते आता १० साधे मजूर करत होते.

टिकण्याची कारणं

सगळ्यात आधी धातू. त्या काळातल्या बहुतेक यंत्रांचा सांगाडा लाकडी असायचा, लोखंड लागायचं तेवढ्यापुरतं. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आखडतं, आणि हादऱ्यांनी त्याची साल-कुसवं, म्हणजे एकमेकांत बसवलेले सांधे, ढिली होतात. मिनिटाला शंभर ठोके मारणारी पटाशी लाकडी चौकटीवर लावली असती तर काही महिन्यांत चौकट डुगडुगायला लागली असती, खाच तिरकी येऊ लागली असती, आणि तिरकी खाच म्हणजे घासणारी कप्पी. मॉडस्लेनं सांगाडे बिडाचे ओतले, दांडे घडीव लोखंडाचे केले, बेअरिंगला पितळेसारख्या मऊ धातू वापरल्या. संपूर्ण धातूची यंत्रं रांगेनं लावून एकाच वस्तूचं ढीगभर उत्पादन करण्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण मानलं जातं.

पण नुसतं ‘लोखंडाचं होतं म्हणून टिकलं’ हे उत्तर अपुरं आहे. बीडही तडकतं. ओतकामात आतला कोपरा टोकदार ठेवला की सगळा ताण तिथे गोळा होतो आणि भेग तिथूनच सुरू होते. मॉडस्लेकडे पुढे काम केलेला जेम्स नॅस्मिथ सांगतो की आतले कोपरे गोलसर ठेवण्याबद्दल मॉडस्ले फार आग्रही असायचा. अनावश्यक धातूबद्दलही तो तितकाच कडक होता. प्रत्येक भागाला विचारायचं, तुझं इथे काम काय? हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण जुन्या यंत्रांबद्दल आपला समज असा असतो की ती जाडजूड होती म्हणून टिकली. जाडीनं वजन वाढतं, टिकाऊपणा वाढेलच असं नाही. ताण कुठून कुठे जातो हे कळून धातू तिथे ठेवला, तर कमी धातूतही शतक काढता येतं.

नॅस्मिथनंच लिहून ठेवलंय की मॉडस्लेच्या कारखान्यात कामगारांच्या बाकांवर सरफेस प्लेट, म्हणजे अगदी सपाट केलेल्या धातूच्या पाट्या, ठेवलेल्या असत. पृष्ठभाग सपाट झाला का, हे नजरेनं ठरवायचं नाही, प्लेटवर घासून पाहायचं. स्क्रूच्या आट्यांबद्दलही मॉडस्लेचा असाच ध्यास होता. त्यानं एक मायक्रोमीटर केला होता, त्याचं टोपणनाव ‘लॉर्ड चान्सलर’, कारण मापाचा वाद तिथे गेला की निकाल अंतिम. दोन सपाट पृष्ठभाग सगळ्या अंगानं टेकत असतील तर झीज सगळीकडे थोडी थोडी होते. उंचवट्यांवर टेकत असतील तर उंचवटे झिजतात, प्ले म्हणजे सैलपणा येतो, प्लेमुळे हादरे, हादऱ्यांमुळे आणखी झीज. यंत्राचं आयुष्य अनेकदा पहिल्या जुळणीच्या दिवशीच ठरलेलं असतं, असं माझं मत आहे.

मग येते कामाची वाटणी. प्रत्येक यंत्राला एकच काम. भोकाच्या यंत्रानं भोकच पाडायचं, खाचेच्या यंत्रानं खाचच. कुठल्या दिशेनं किती जोर येणार हे आधीच ठाऊक, म्हणून सांगाडा त्या जोरापुरता नेमका आखता आला. दहा कामं करणाऱ्या यंत्रात सरकवायचे, फिरवायचे, आवळायचे दहा सांधे असतात आणि झीज नेहमी सांध्यात होते. पोर्ट्समथच्या यंत्रांत सांधे मोजकेच होते.

झिजायचं ते झिजणारच. पटाशीची धार जाते, करवतीचे दात बोथट होतात, बुश मोठं होतं. पण हे सगळे भाग काढता-घालता येण्याजोगे होते. पात्यांच्या पकडी अशा केल्या होत्या की पातं चटकन बदलता यावं. झीज जाणूनबुजून स्वस्त, छोट्या, बदलत्या भागांवर ढकललेली आणि सांगाडा, भाग ज्यांवरून सरकतात ते मार्ग, मुख्य दांडे तिच्यापासून लांब ठेवलेले. १९५० सालचं यंत्र १८०३ चंच होतं, पण त्यातली पटाशी अर्थातच १८०३ ची नव्हती. टिकलेल्या बहुतेक हत्यारांचं खरं रूप हेच असतं.

क्लचबद्दलही थोडं सांगतो, कारण तो भाग सहसा दुर्लक्षिला जातो. खाचेच्या यंत्रावर शंकूच्या आकाराचा घर्षण-क्लच होता. फिरता शंकू स्थिर शंकूत हळूहळू दाबला जायचा आणि यंत्र गती घ्यायचं. फिरणारा पट्टा एकदम अंगावर घेतला तर दातेरी चाकं, चाव्या, दांडे सगळ्यांना धक्का बसतो. दिवसातून शेकडो वेळा चालू-बंद होणाऱ्या यंत्राला तो धक्का खाऊन टाकतो. शंकू आधी थोडा घसरतो, मग धरतो, आणि धक्का तिथेच विरतो. त्यात काम संपताच आपोआप थांबण्याची सोय. कामगाराचं लक्ष चुकलं तरी पटाशी खाच सोडून लाकडात भलतीकडे घुसत नसे. अकुशल हातांसाठी केलेली ही सोय यंत्राच्याही पथ्यावर पडली.

परिस्थितीचा वाटा

आता दुसरी बाजू. ही यंत्रं लाकूड कापत होती. एल्म चिवट असतं, लिग्नम व्हिटी तर फारच कठीण, तरीही लोखंड कापणाऱ्या लेथवर जो ताण येतो तो इथे आला नाही. बिडाच्या यंत्राला लाकूड कापायला देणं म्हणजे पैलवानाला पाण्याची घागर उचलायला देणं. त्यामुळे या दीडशे वर्षांची तुलना धातू कापणाऱ्या यंत्राच्या दीडशे वर्षांशी करणं बरोबर होणार नाही.

शिवाय ती सगळी वर्षं पूर्ण भारानं चाललेली नाहीत. १८१५ मध्ये नेपोलियनचा पाडाव झाला, जहाजं धक्क्याला लागली, कप्प्यांची मागणी कोसळली. नंतर वाफेची जहाजं आली, शिडं कमी झाली. म्हणजे यंत्रांची ऐन जोमाची वर्षं थोडी, नंतरची शंभर-सव्वाशे वर्षं तुलनेनं निवांत. ‘दीडशे वर्षं अखंड’ असं कुणी लिहिलं तर ते ओढूनताणून आहे.

मागणी कमी झाली तरी वस्तू बदलली नाही, हेही तितकंच खरं. चांगली यंत्रं बहुधा मोडून मरत नाहीत, त्यांनी बनवायची वस्तूच कुणाला नको होते म्हणून मरतात. कप्पीचा आकार मात्र १८०० मध्ये जो होता तोच १९०० मध्ये राहिला. दोरीनं काही ओढायचं, उचलायचं असेल तिथे ती लागतच राहिली, शिडं गेली तरी.

आणि मालक बदलला नाही. खासगी कारखान्यात मालकाचा मुलगा येतो, नवीन यंत्रांची जाहिरात पाहतो, जागा मोकळी करायला जुनं विकून टाकतो. इथे गोदी सरकारी, जागा तीच, आणि शेजारीच फिटर, लोहार, ओतकाम, सगळी दुरुस्तीची माणसं. मॉडस्लेची कंपनी एकोणिसावं शतक संपता संपता डबघाईला येऊन बंद पडली. त्यानंतर सुटा भाग मागवायला मूळ कारखाना उरलाच नव्हता. तरी यंत्रं पुढे साठ वर्षं चालली, कारण त्यांत असा एकही भाग नव्हता जो चांगला फिटर समोरचा तुकडा पाहून लेथवर, भट्टीवर पुन्हा करू शकणार नाही. आज आपण विकत घेतो त्या कितीतरी वस्तूंत बनवणाऱ्याचं दुकान बंद झालं की वस्तूही संपते. टिकाऊपणाची ही कसोटी धातूच्या कसोटीइतकीच कडक लावायला हवी.

राहिलेल्यांकडे पाहताना गेलेल्यांचाही हिशोब ठेवावा लागतो. ४५ पैकी सगळी यंत्रं साठच्या दशकापर्यंत पोचली नाहीत. आपण कौतुक करतो ते उरलेल्यांचं. माणसांच्या बाबतीतही तेच. ११० कारागिरांच्या जागी १० मजूर आले, हा आकडा बचतीचा म्हणून सांगितला जातो. त्या शंभर जणांच्या हातातली कला कुठल्याही यंत्रात भरून ठेवता आली नाही, आणि टेलर घराण्याचा नौदलाचा धंदा गेला तो गेलाच. ब्रुनेललाही मोबदला सहजी मिळाला नाही. बरीच लिखापढी झाल्यावर एका वर्षाच्या बचतीच्या हिशोबानं त्याला सुमारे १७,००० पौंड मिळाले. पुढे इतर धंद्यांत तो बुडाला आणि १८२१ मध्ये कर्जापायी तुरुंगात गेला. बायको सोफियाही त्याच्यासोबत तिथे राहिली. ज्याची यंत्रं नौदलाचे पैसे वर्षानुवर्षं वाचवत होती, त्याची ही गत झाली, हे लिहितानाही वाईट वाटतं.

मुंबईहून आलेलं जहाज

या गोष्टीला मुंबईचा एक धागा आहे. इंग्लंडात ओक लाकडाची चणचण झाली तेव्हा ब्रिटिश नौदलानं काही जहाजं मुंबईच्या गोदीत सागवानाची बांधून घेतली. जमशेटजी बमनजी वाडिया तिथले मुख्य जहाजबांधणीकार. त्यांच्या देखरेखीखाली बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलं. त्याचे पहिले नकाशे मुंबईला पोचलेच नव्हते. ते घेऊन येणारं ‘जावा’ जहाज १८१२ मध्ये अमेरिकन नौदलाशी झालेल्या लढाईत गमावलं गेलं आणि नकाशे दुसऱ्यांदा पाठवावे लागले. १८१९ मध्ये ‘त्रिंकोमाली’ पोर्ट्समथला पोचलं, पण लढाया संपलेल्या असल्यामुळे राखीव म्हणून तिथेच नांगरून ठेवलं गेलं. म्हणजे मुंबईच्या सुतारांचं सागवानी काम आणि मॉडस्लेचं बिडाचं काम, दोन्ही काही वर्षं एकाच बंदरात होती. ते जहाज आज ईशान्य इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आहे आणि अजून पाण्यावर तरंगतं. अजून तरंगणाऱ्या ब्रिटिश लढाऊ जहाजांत ते सर्वात जुनं.

दोन्हींच्या टिकण्यात साम्य दिसतं. सागवानाला अंगचं तेल असतं, कीड लवकर लागत नाही, ओकमध्ये लोखंडी खिळे गंजतात तसे सागात गंजत नाहीत. पण ‘त्रिंकोमाली’च्याही फळ्या वेळोवेळी बदलाव्या लागल्या, मोठी डागडुजी करावी लागली. आणि तेही आयुष्यभर झुंजलं नाही. बरीच वर्षं राखीव, नंतर प्रशिक्षणाचं जहाज. चांगला माल, झिजलेलं बदलण्याची सोय, आणि अतिश्रमापासून बचाव, हे इथेही एकत्र आले.

मॉडस्लेचा दुसरा वारसा तर आपल्या दारातच आहे. हत्यार हातात न धरता स्लाइडवर घट्ट बसवून सरकवायचं, ही पद्धत धातूच्या लेथवर रुळवण्यात त्याचा वाटा मोठा. कोल्हापूर, भोसरी, नाशिकच्या छोट्या वर्कशॉपमध्ये हरिहरच्या मैसूर किर्लोस्करचे किंवा एचएमटीचे जुने लेथ आजही चालताना दिसतात. हरिहरचा कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली, लेथ चालूच आहेत. असा जुना लेथ घ्यायला जाणारा जाणता टर्नर रंग पाहत नाही. तो चकाजवळच्या, म्हणजे काम पकडणाऱ्या टोकाकडच्या, बेडवर (लेथच्या बिडाच्या पायावर) हात फिरवतो, कारण छोटी कामं तिथेच होतात आणि हत्यार वाहून नेणारं सॅडल तिथेच सर्वात जास्त फिरतं. दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडचा बेड नव्यासारखा आणि चकाजवळचा खोलगट असेल तर पुढचा हिशोब बेड ग्राइंडिंगचा किंवा स्क्रॅपिंगचा, म्हणजे घासून किंवा खरवडून तो पुन्हा सपाट करण्याचा. बेडला भेग नसेल, बीड चांगलं असेल, तर बाकी सगळं करता येतं. लीडस्क्रूचा (सॅडल सरकवणाऱ्या लांब स्क्रूचा) नट नवा करता येतो, बुश नवी करता येतात, गियर कापून घेता येतात. पोर्ट्समथच्या फिटरांनी जे केलं असणार, तेच हे.

आज ती यंत्रं कुठे आहेत

काही यंत्रं लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहेत, काही अमेरिकेत स्मिथसोनियनकडे, काही पोर्ट्समथमध्येच. ब्रुनेलचे नमुने ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात. कारखान्याची इमारतही उभी आहे: विटांच्या तीन मजली दोन लांब रांगा आणि त्यांच्यामधली एकमजली जागा, जिथे यंत्रं चालायची. बरीच वर्षं पडझडीच्या धोक्यात राहिल्यावर या शतकाच्या पहिल्या दशकात तिची डागडुजी झाली.

यंत्रं जपली गेली याचा आनंद आहेच. पण ती वेगवेगळ्या शहरांत आणि वेगवेगळ्या देशांत ठेवल्यामुळे त्यांची रांग तुटली, ही माझी तक्रार आहे. खाचेचं यंत्र एकटं पाहिलं तर ते एक देखणं लोखंडी यंत्र दिसतं. भोकाच्या यंत्रानं ठोकळ्यावर उमटवलेली खूण त्याच्यावर येऊन नेमकी कुठे बसायची, हे कळायला दोन्ही शेजारी हवीत. निदान एका संचाची यंत्रं मूळ इमारतीत, मूळ क्रमानं, ठोकळ्याच्या प्रत्येक टप्प्याच्या नमुन्यासह मांडली, तर तंत्रशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना डेटम, फिक्श्चर आणि झीज हे तीन धडे तिथे उभ्या उभ्या शिकवता येतील. संग्रहालयांनी आपापसात यंत्रं काही काळासाठी उसनी द्यायची ठरवली तर हे होण्यासारखं आहे.